सिंगापूर सहलीत न दाखवलेल्या ठिकाणांबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

विषय : सिंगापूर गट सहलीत कबूल केलेली ठिकाणे वगळल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीच्या सिंगापूर सहलीवरून मी, माझे यजमान आणि जाऊबाई नुकतेच परत आलो. आम्ही मावळातले फूलशेतकरी. तळेगावजवळ आमची गुलाब आणि जरबेराची पॉलिहाऊस आहेत आणि अलीकडे एका शेडनेटमध्ये डेंड्रोबियम ऑर्किड लावली आहेत. हे आधी सांगते, कारण इतक्या कंपन्यांमधून आपली सहल निवडली ती आपल्या पत्रकातल्या दोन ओळी वाचून : ‘सिंगापूर बोटॅनिक गार्डन्स व राष्ट्रीय ऑर्किड उद्यान’ आणि ‘गार्डन्स बाय द बे, दोन्ही काचघरांच्या तिकिटांसह’. पहिल्या ठिकाणी आम्हाला आत नेलेच नाही. दुसऱ्या ठिकाणी काचघरांच्या दारावरून परत फिरवले. मात्र दागिन्यांचे शोरूम, चॉकलेटचे दुकान आणि मॉल यांत आमचा किती वेळ गेला, ते गटातल्या कुणालाही विचारा.

बोटॅनिक गार्डन्सपाशी बस थांबली. आम्हाला पाटीसमोर उभे करून फोटो काढले आणि जेवणाला उशीर होतोय म्हणून पुन्हा बसमध्ये बसवले. ही बाग पहाटे 5 पासून मध्यरात्रीपर्यंत सगळ्यांना मोफत खुली असते. तिकीट आहे ते फक्त आतल्या ऑर्किड उद्यानाला, आणि त्याचे पैसे आपण आमच्याकडून आधीच घेतले होते. सिंगापूरमधले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतले हे एकमेव ठिकाण आहे. 1859 साली सुरू झालेल्या या बागेला तो मान 2015 मध्ये मिळाला. ज्या शहरात जागेची इतकी टंचाई आहे की समुद्र बुजवून जमीन करावी लागते, तिथे 80 हेक्टरांहून मोठी बाग आणि तिच्या पोटात मूळच्या वर्षावनाचा एक तुकडा अजून राखला आहे. तिथे जाऊन फाटकावरून परत यायचे याला दर्शन म्हणता येणार नाही.

आमच्या धंद्यातल्या माणसासाठी तर ती शाळाच आहे. 1877 मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून रबराची रोपे या बागेत आली. पुढे इथले संचालक हेन्री रिडली यांनी झाडाला मारक इजा न होता त्याच खोडातून पुन्हा पुन्हा चीक काढण्याची पद्धत बसवली आणि मलायाची रबर शेती त्यावर उभी राहिली. ऑर्किडचे काम 1928 पासूनचे. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक, त्यात अंकुराला पुरेल एवढा अन्नसाठाच नसतो. एरिक हॉल्टम यांनी इथे काचेच्या बाटलीत पोषक माध्यमावर ते बी रुजवण्याचे तंत्र वापरात आणले आणि संकरित जाती तयार करायला सुरुवात केली. आम्ही आज आमच्या शेडनेटसाठी जी रोपे घेतो, तीही प्रयोगशाळेतल्या बाटलीतूनच बाहेर आलेली असतात. जे तंत्र आमच्या पोटापाण्याचे झाले आहे, त्याचे एक मोठे घर बघायला आम्ही समुद्र ओलांडून गेलो होतो.

सहलीच्या शेवटच्या सकाळी मोकळा वेळ होता. आपल्या सहल व्यवस्थापकांनी ‘तुम्ही तुमचे जाऊ नका, चुकाल’ असे बजावले. मी आणि जाऊबाई गेलो. एमआरटीला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, बोटॅनिक गार्डन्स याच नावाचे स्थानक आहे, त्यातून वर आले की बागेचे फाटक समोर. टॅप होणारे बँकेचे कार्ड फाटकावर लावले की गाडीचे तिकीट वेगळे काढावे लागत नाही. आम्ही दोघी मराठी शाळेत शिकलेल्या बायका, आम्हाला कुठेही अडचण आली नाही. पाच डॉलरच्या नोटेवर ज्याचे चित्र आहे तो टेंबुसूचा वृक्ष आम्ही पाहिला. त्याची आडवी फांदी जमिनीला समांतर लांबवर गेली आहे. ऑर्किड उद्यानात आम्ही स्वतःच्या पैशाने तिकीट काढले. 1893 मध्ये अ‍ॅग्नेस जोआकिम या आर्मेनियन बाईंच्या बागेतून पुढे आलेले, 1981 पासून सिंगापूरचे राष्ट्रीय फूल असलेले व्हँडा मिस जोआकिम तिथे ताटव्यांनी फुलले होते. पाहुण्या राष्ट्रप्रमुखांची नावे दिलेले संकर वेगळे मांडले आहेत. जाऊबाई एकेका कुंडीतले माध्यम वाकून बघत होत्या : कोळसा किती, विटांचे तुकडे किती, मुळे किती मोकळी. विमानाची वेळ गाठायची म्हणून आम्हाला तिथून धावत निघावे लागले. जे आम्ही पळतपळत पाहिले ते गटातल्या बाकीच्यांनी पाहिलेच नाही, आणि पैसे सगळ्यांनी भरले आहेत.

गार्डन्स बाय द बे इथे आम्हाला भर दुपारी नेले. 2012 मध्ये खुल्या झालेल्या या बागेतले 25 ते 50 मीटर उंचीचे सुपरट्री, म्हणजे झाडाच्या आकाराचे मनोरे, खालून बघायला पैसे पडत नाहीत. आम्हाला तेवढेच दाखवले. फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्ट या दोन काचघरांची तिकिटे मागितल्यावर ‘वेळ नाही, पुढे खरेदी आहे’ हे उत्तर मिळाले. पॉलिहाऊसवाल्याला ते काचघर म्हणजे काय, हे मी आपल्याला कळकळीने सांगू इच्छिते. विषुववृत्तापाशी बाहेर घामाने अंग चिंब होत असताना आत भूमध्य सागरी प्रदेशातली कोरडी, गार हवा ठेवली आहे. दुसऱ्या घरात डोंगरमाथ्यावरचे धुके आणि 35 मीटरचा धबधबा. सगळे घर गार न करता झाडे आणि माणसे असतात तेवढा खालचा थरच गार ठेवतात आणि गरम हवा वरून बाहेर काढतात. शहरातल्या झाडांची छाटणी करून निघालेल्या फांद्या जाळून त्या कामासाठी ऊर्जा मिळवली जाते. एप्रिलमध्ये फॉगर (धुक्यासारखे पाणी फवारणारी यंत्रे) चालू ठेवूनही आमच्या जरबेराचे दांडे बारीक पडतात. गारव्याचा हिशेब तिथे कसा बसवला आहे, हे डोळ्यांनी बघायचे होते. यजमानांनी वहीत प्रश्न लिहून आणले होते. ती वही न उघडता परत आली.

त्याच बागेत रोज संध्याकाळी 7:45 आणि 8:45 वाजता सुपरट्रींचा प्रकाश आणि संगीताचा खेळ होतो. तोही मोफत. झाडांखाली जमिनीवर आडवे पडून बघायचा असतो, लहान मुले तर हरखून जातात. आपण रात्रीचे जेवण नेमके त्याच वेळेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला ठेवले होते. गटात चार-पाच मुले होती. त्यांच्या आईवडिलांनी जेवण तासभर पुढे-मागे करा म्हणून विनवले, पण हॉटेलचे आरक्षण बदलत नाही, असे सांगण्यात आले.

यापेक्षाही मनाला लागलेली गोष्ट दुसरीच आहे. गटात साताऱ्याचे एक वृद्ध काका होते. त्यांचे वडील आझाद हिंद सेनेच्या आठवणी सांगत, म्हणून सिंगापूरला गेल्यावर नेताजींच्या सैन्याचे स्मारक बघायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी ती बुकिंगच्या वेळीच आपल्या कार्यालयात सांगितली होती. एस्प्लनेड पार्कमधले ते ठिकाण मर्लायनच्या (सिंहाचे तोंड, माशाचे धड) पुतळ्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आणि मर्लायनपाशी आम्ही चांगले तासभर होतो. काकांना ‘ते कार्यक्रमात नाही’ असे उत्तर मिळाले.

आपल्या व्यवस्थापकांना तिथला इतिहास ठाऊक असता, तर असे उत्तर त्यांनी दिले नसते, असे मला वाटते. 5 जुलै 1943 रोजी त्या बागेला लागूनच असलेल्या पडांग मैदानावर सुभाषबाबूंनी सैन्याची पाहणी केली आणि ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला कॅथे इमारतीत आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. झाशीच्या राणीच्या नावाची स्त्रियांची पलटण याच शहरात उभी राहिली. 1945 मध्ये बांधलेले मूळ स्मारक ब्रिटिशांनी परतताच सुरुंगाने उडवले. ‘इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी’ (एकजूट, विश्वास, बलिदान) हे शब्द त्यावर कोरलेले होते. 1995 मध्ये सिंगापूर सरकारने त्या जागी खूण म्हणून नवा शिलालेख बसवला. परक्या देशाने आपल्या माणसांची आठवण जपली, आणि आपल्याच कंपनीकडे त्यासाठी अर्धा तास नव्हता. काका एक शब्दही बोलले नाहीत. बसच्या खिडकीतून त्या दिशेने बघत राहिले. त्यांची लेखी माफी मागावी, ही माझी या पत्रातली पहिली मागणी समजा.

पक्ष्यांविषयी. पत्रकात ‘जुराँग बर्ड पार्क’ छापले आहे. ते उद्यान जानेवारी 2023 मध्येच कायमचे बंद झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात सिंगापूरच्याच मंडाई भागात ‘बर्ड पॅराडाइज’ या नावाने नवे सुरू झाले. आम्हाला ही बातमी सिंगापुरात उतरल्यावर कळली, आणि नवीन उद्यानासाठी जादा पैसे मागितले गेले. बंद झालेल्या ठिकाणाच्या नावाने पैसे घेणे ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा आहे.

‘एसजी अरायव्हल कार्ड’ (सिंगापुरात प्रवेशासाठी भरायचा ऑनलाइन अर्ज) भरून देण्याचे माणशी शुल्क आपण लावले आहे. हे कार्ड सिंगापूर सरकारच्या संकेतस्थळावर पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत कुणालाही फुकट भरता येते. भरून देण्याच्या कष्टाचे पैसे घ्यायचे असतील तर तसे स्पष्ट लिहा. पावतीवर ‘सरकारी शुल्क’ लिहिणे खोटे आहे.

जेवणाबद्दलही लिहिते. दोन्ही वेळा तीच थाळी, तोच पनीर, तीच पिवळी डाळ होती. पोट भरले, तक्रार अन्नाच्या दर्जाची नाही. पण ज्या हॉकर सेंटरच्या, म्हणजे एका छपराखालच्या स्वस्त खाद्यदुकानांच्या, खाद्यसंस्कृतीला युनेस्कोने 2020 मध्ये मानवतेचा अमूर्त वारसा मानले, तिथे आम्हाला एकदाही नेले नाही. ‘तिथे सगळे मांसाहारी असते’ असे सांगून शाकाहारी लोकांना घाबरवले. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डोसे, इडल्या मिळतात आणि बऱ्याच हॉकर सेंटरमध्ये बौद्ध शाकाहारी पद्धतीचे एखादे दुकान असते. शिवाय गटातले निम्मे लोक आवडीने मासे खाणारे होते. चिनी, मलाय, तमिळ दुकाने एका छपराखाली, मधल्या सामाईक टेबलांवर कामगार आणि साहेब शेजारी बसून जेवतात. सिंगापूरची माणसे बघायची ती जागा आहे. मॅक्सवेल फूड सेंटरच्या जवळच सिटी गॅलरी आहे, तिथे संपूर्ण शहराची मोठी प्रतिकृती मोफत पाहायला मिळते. हे बेट घडले कसे, हे तासाभरात समजते. खाडीच्या तोंडाशी 2008 मध्ये बांधलेला मरीना बराज हा बंधारा दाखवला असता तर पवना धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या आम्हा मावळवाल्यांना फार आवडले असते. समुद्राचे पाणी अडवून तिथे शहराच्या मधोमध गोड्या पाण्याचा जलाशय केला आहे, आणि वरच्या हिरवळीवर लोक पतंग उडवतात.

चांगले झाले तेही नमूद करते. हॉटेल स्वच्छ होते, बस वेळेवर येत होती, चालक अत्यंत नम्र होते. नाइट सफारीचे नियोजन उत्तम होते. तिथली ट्रामफेरी आम्ही कधी विसरणार नाही. म्हणजे मनावर घेतले तर आपल्याला जमते. दुकानांसाठी वेळ काढता येतो तो बागांसाठी का निघत नाही, याचे उत्तर मला हवे आहे. ज्या शोरूममध्ये आम्हाला नेले, तिथे आपल्याला खरेदीवर दलाली मिळते का, हेही लेखी कळवावे. मिळत असेल तर ग्राहकाला ते बुकिंगच्या वेळी सांगायला हवे.

माझ्या मागण्या अशा : राष्ट्रीय ऑर्किड उद्यान, दोन्ही काचघरे आणि बर्ड पार्क यांची तिकिटे आमच्या पॅकेजमध्ये धरली होती, त्यांची पूर्ण रक्कम गटातल्या प्रत्येक प्रवाशाला परत करावी, तक्रार केली नाही त्यांनाही. अरायव्हल कार्डाचे शुल्क परत करावे. पत्रक दुरुस्त करावे आणि त्यात दुकानांना किती वेळ आणि ठिकाणांना किती वेळ, हे तासांत छापावे. पुढच्या सहलींत बोटॅनिक गार्डन्सला सकाळचे किमान तीन तास द्यावेत, उन्हाच्या आधी. एक संध्याकाळ सुपरट्रींखाली आणि एक जेवण हॉकर सेंटरमध्ये ठेवावे. एस्प्लनेड पार्कचा थांबा मर्लायनला जोडूनच घ्यावा. यातले बहुतेक सगळे मोफत आहे, त्यामुळे आपला खर्च वाढण्याचा प्रश्न नाही.

सोबत पत्रकाची प्रत, पावत्या, ऑर्किड उद्यानाची आम्ही काढलेली तिकिटे आणि गटातल्या इतर प्रवाशांच्या सह्यांचा कागद जोडला आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आणि परताव्याची तारीख कळवावी. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
एक ग्राहक, तळेगाव दाभाडे
(नाव, पत्ता व बुकिंग क्रमांक सोबतच्या अर्जात)