मैला नेमका जातो कुठे?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बोट घेतल्याचा आनंद दोन ओळींत आणि खालच्या केबिनमधल्या वासाचं रडगाणं दीड पान! जुनी मोटारबोट आता खरोखर तुझ्या गळ्यात पडली म्हणायची.

नवीन टॉयलेट मागवायच्या बेतात आहेस ना? जरा दम धर. आधी टॉर्च घे, फळ्या उचल, टॉयलेटला जोडलेली एकेक नळी हाताने चाचपत शेवटपर्यंत जा आणि सगळं कागदावर काढ. बोटीसोबत मूळ आराखडा मिळाला असला तरी त्यावर विसंबू नकोस. आधीच्या प्रत्येक मालकाने आपापल्या अकलेने काहीतरी जोडलेलं-तोडलेलं असतं. बाद झालेली नळी सहसा कुणी काढत नाही, तोंड बांधून तिथेच सोडतात आणि ती वर्षानुवर्षं आतल्या आत नासत राहते.

बोटीच्या तळाशी टॉयलेटसाठी बहुधा दोन भोकं सापडतील. लहान भोकातून समुद्राचं पाणी आत येतं. मोठ्या भोकाला साधारण दीड इंची नळी असते, ती मैल्याची. दोन्हींवर सीकॉक, म्हणजे भोक बंद-चालू करायची झडप, हवेतच. तुझा पंप हाताचा आहे असं लिहिलंयस, तर त्यावर एक खटका असेल: एकीकडे केला की पाणी आत येतं आणि भांडंही उपसलं जातं, दुसरीकडे केला की नुसता उपसा. पंपानंतर नळी सुरू होते तिथे जोकर व्हॉल्व, म्हणजे रबराची चोच. ती मैला पुढे सोडते, मागे येऊ देत नाही. भांडं कोरडं करून ठेवलंस आणि थोड्या वेळाने तळाशी घाण पाणी परत आलं, तर पहिला संशय तिच्यावर घ्यायचा. ती बदलणं अवघड नाही, फक्त जेवणाआधी करू नकोस.

पुढे वाय-व्हॉल्व, म्हणजे मैल्याची वाट बदलणारी झडप. एक फाटा समुद्राकडे, दुसरा मैला साठवायच्या टाकीकडे. दांडा कुठे वळलाय त्यावरून ठरवू नकोस, तो उलटा बसवलेलाही असतो. थोडं स्वच्छ पाणी पंप कर आणि टाकीतली पातळी चढते का बघ. पण वाट बंद असताना जोर लावून पंप मारू नकोस. नळी निसटली तर काय होईल त्याचं वर्णन मी करत नाही.

आता तुझा वास. तो कधी येतो यावर सगळं आहे. पहिल्या चार-दोन हापशांना कुजक्या अंड्यांचा भपकारा येतो आणि मग जातो, असं असेल तर टाकी बिचारी निर्दोष. आत येणाऱ्या नळीत साचून राहिलेल्या समुद्राच्या पाण्यातले बारीक जीव मरून कुजतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. लोक भांड्यात गोडं पाणी ओतून पंप मारतात आणि नळ्या धुतल्या म्हणून खूश होतात. ते पाणी फक्त बाहेर जाणाऱ्या बाजूला जातं, आत येणारी नळी तशीच राहते! त्यासाठी सीकॉक बंद करून त्यावरची नळी सोडवायची, तिचं टोक गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवायचं आणि मग पंप करायचा.

वास चोवीस तास असेल तर मैल्याच्या नळ्या तपास. गळत नसली तरी जुनी नळी अंगातून वास सोडते. कापड गरम पाण्यात भिजवून पिळ, नळीवर गुंडाळ, गार झालं की बाजूला नेऊन हुंग. कापडाला वास लागला तर ती नळी गेली. धुऊन, पुसून, अत्तर शिंपडून काही होत नाही, बदलावीच लागते.

आणि टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा खेळवणारी नळी, विसरू नकोस. बाहेरच्या जाळीत मीठ साचतं, किडे घर करतात. हवा मिळाली नाही की हवेविना वाढणारे जिवाणू माजतात, आणि खरी दुर्गंधी त्यांचीच. शिवाय व्हेंट तुंबलेला असताना डेकवरून जोरदार पंपाने उपसा केला तर टाकी आत चेपूही शकते.

पंप जड चालत असेल तर बहुधा लघवी आणि समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांनी नळीत दगडासारखा थर धरलाय. पातळ थर व्हिनेगरने हळूहळू विरघळतो. ब्लीच ओतत बसू नकोस, रबराची वाट लागते.

हे सगळं वासाचं झालं. मला खरी काळजी पाण्याची आहे. भांडं जलरेषेखाली असेल तर सायफन लागून समुद्र त्यातून आत येऊ शकतो, आणि धक्क्याला बांधलेली बोट अशी बुडू शकते. म्हणून नळीला जलरेषेच्या बरंच वर नेलेली कमान आणि कमानीच्या माथ्यावर हवेची छोटी झडप लागते. ती मिठाने चिकटली नाही ना, बघ. आणि बोट सोडून जाताना दोन्ही सीकॉक बंद, कितीही घाई असली तरी. सीकॉक पितळी असून गुलाबी पडला असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय. त्याला हातोडी लावू नकोस, बोट पाण्याबाहेर काढून बदल.

कायद्याचं थोडक्यात: मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं मैल्याबद्दलचं चौथं परिशिष्ट २००३ पासून लागू आहे, पण ते ४०० टनांपासून पुढच्या किंवा १५ हून जास्त माणसं नेणाऱ्या जहाजांना. तुला तुझ्या बंदराचा नियम पाळायचा आहे, आणि किनाऱ्याजवळ वाय-व्हॉल्व टाकीकडे वळवून बांधून ठेवलास तर कुणालाच बोलायला जागा राहत नाही.

चित्र झालं की फोटो पाठव. नवीन टॉयलेटचं मग ठरवू.

तुझाच,
मित्र

ता.क. टाकीच्या काट्यावर विश्वास नको, आतला सेन्सर घाणीने माखतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला १००० ने भाग, म्हणजे लिटर मिळतील. टाकी प्लास्टिकची असेल तर मागून टॉर्च धर, बऱ्याचदा पातळी दिसते.