गंगेचं पाणी आणि कंट्रोलची प्लेट

प्रिय बंड्या,

'अजून किती वर्षं प्लेटा मोजणार रे? आमच्या कंपनीत क्यूसीला ये' असं तू म्हणालास आणि मला फोनवर धड उत्तर देता आलं नाही. तुझ्याकडे मागे मशीनची घरघर, माझ्याकडे लॅमिनारच्या पंख्याची. म्हणून आज रविवारी लॅबमध्येच बसून लिहितोय. काल जिवाणू वाढवायला लावलेल्या प्लेटा आज वाचायलाच लागतात, उद्यापर्यंत थांबलं की गेल्या कामातून. हे तुला सांगायला नको.

आधी पैशांचं उरकतो. जेआरएफ, म्हणजे माझी संशोधनाची शिष्यवृत्ती, महिना ३७,००० आहे, २०२३ पासून. पण ते महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. बरेच दिवस काहीच नाही, मग एकदम थकबाकी. मधल्या काळात मेसच्या काकू वहीत लिहून ठेवतात आणि बाबांना फोन करताना मी विषय हवामानावर नेतो. तुझा एक तारखेला पगार होतो याचा मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? तू म्हणतोस ती क्यूसीची, म्हणजे मालाचा दर्जा तपासायची, जागा चांगलीच आहे. पण सध्या मी ज्यात अडकलोय ते एकदा ऐक, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

मी इथे नाशिकला गोदावरीतले फाज शोधतोय. जिवाणूंच्या अंगात शिरून त्यांना फोडणारे विषाणू, ज्यांच्यावरून एम.एस्सी.च्या व्हायव्हात तुला घाम फुटला होता, तेच. मला हवेत ते ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवरचे, त्यातही जो ई. कोलाय नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही त्याच्यावरचे. नमुने तीन ठिकाणांहून घेतो: शहराआधी गंगापूर धरणाच्या खाली, शहरात रामकुंडावर आणि प्रवाहात आणखी खाली तपोवनाच्या पुढे. पहाटे निघायचं, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून आणलेल्या काचेच्या बाटल्या, बाटलीचं तोंड प्रवाहाच्या समोर धरायचं आणि लेबल आधीच लावलेलं असायला हवं, कारण ओल्या हातांनी मार्करने लिहिता येत नाही.

रामकुंडावर तर मजाच असते. पांढरी पिशवी, हातात झाकणाची बाटली, चेहरा झोपेचा, म्हणजे हा अस्थी घेऊनच आलाय असं सगळे धरून चालतात. एका गुरुजींनी मला थेट विचारलं, 'गाव कोणतं? आडनाव काय?' त्यांच्याकडे घराण्यांच्या वह्या असतात, पणजोबा कधी येऊन गेले तेही निघतं. मी म्हटलं, 'गुरुजी, मी पाणी तपासायला आलोय.' ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'तपासा. पण आमच्या गंगेला नावं ठेवू नका.' इथे गोदावरी म्हणत कोण? 'गंगेवर जाऊन येतो' हेच तोंडात. आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला तशी 'पाणी कसं आहे?' ही चौकशी भाजीवालीपासून डीनपर्यंत सगळे करतात.

आता गंमत अशी की लोकांना माझ्याकडून एकच वाक्य हवं असतं: नदीत जंतू मारणारे विषाणू आहेत, म्हणजे पाणी औषधी आहे. याला जुना आधारही आहे. १८९६ मध्ये आग्र्याला सरकारी रसायन परीक्षक असलेल्या हँकिनने उत्तरेतल्या गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मरतात असं छापलं. फाज हे नाव आलं त्यानंतर, १९१७ मध्ये, डेरेल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाकडून. हँकिनने पाहिलं ते फाजच होते का, यावर अजून वाद घालतात. पण मला त्या लेखातली दुसरीच गोष्ट आवडते. तेच पाणी त्याने उकळून घेतलं आणि त्यात जंतू टाकले, तर ते मरेनात. म्हणजे जे काही मारत होतं ते उकळल्यावर जात होतं. गंगेचं माहात्म्य सांगणारे निम्मा हँकिन सांगतात, उकळलेल्या पाण्याचा हँकिन कोणी सांगत नाही. माझ्या मते त्याचं खरं काम तेच.

आणि औषधी पाण्याचं म्हणशील तर हिशेब उलटाच आहे. फाजला वाढायला त्याचा जिवाणू लागतो. ई. कोलाय रग्गड असेल तिथे त्याचे फाज रग्गड, आणि ई. कोलाय नदीत येतो तो मुख्यतः आपल्याच पोटातून, सांडपाण्यावाटे. म्हणून तर कोलिफाज, म्हणजे ई. कोलायसारख्यांवरचे फाज, हे घाणीची खूण म्हणून मोजतात. धरणाखालच्या नमुन्यात मला मोजके सापडतात, तपोवनापुढचा नमुना भरपूर पातळ केल्याशिवाय मोजताच येत नाही. संशोधक म्हणून मला आनंद, नाशिककर म्हणून मान खाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आंघोळीच्या पाण्याचा निकष तुला आठवत असेल: मलजन्य कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, १०० मिलीमध्ये ५०० पर्यंत असावेत, फार तर २,५००. पाण्यात फाज आहेत म्हणून तो आकडा सैल होत नाही.

प्रत्यक्ष काम सांगतो. नमुना सेंट्रिफ्यूज करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचा, जिवाणू मागे राहतात, फाज खाली येतात. ते पाणी, ताजा वाढता ई. कोलाय आणि थंड झाल्यावर जेलीसारखं गोठणारं पातळ आगर एका नळीत मिसळून प्लेटवर ओतायचं. आगर ४५ अंशांच्या आसपास हवं. जास्त गरम असेल तर जिवाणू मरतात, थंड झालं तर नळीतच गोठतं. सध्याच्या थंडीत, निफाडला पारा उतरला की इकडे आमच्या नळीत गुठळ्या. त्यामुळे आधी प्लेटा इनक्युबेटरमध्ये शेकून घेतो आणि नळी मनगटाला लावून बघतो. माझ्या गाइड मॅडम म्हणतात, मग थर्मामीटर कशाला घेतलाय? पण मनगटावर माझा जास्त भरवसा.

दुसऱ्या दिवशी प्लेट खिडकीसमोर धरायची. सगळीकडे जिवाणूंचा थर पसरलेला असतो, निवलेल्या दुधावरच्या सायीसारखा, आणि त्यात मधेमधे स्वच्छ गोल भोकं. काही टाचणीच्या टोकाएवढी, काही मसुराएवढी, एखाद्याभोवती धुरकट कडा. मोजायचं झालं तर प्रत्येक भोक एका फाजपासून सुरू झालेलं धरतात. रात्रभरात त्याने एवढं मैदान मारलं. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी प्लेट घेऊन शिपाईकाकांनाही दाखवायला गेलो होतो. ते म्हणाले, 'किडलंय वाटतं.'

पण बंड्या, ती प्लेट उचलायच्या आधी मी दुसरी उचलतो. कंट्रोलची. तिच्यात नुसते जिवाणू, नदीचं पाणी नाही. तिच्यावर एकही भोक असता कामा नये. कधीतरी असतं. फाज लॅबमध्येच फिरत असतो, पिपेटला, बाकाला, कोणाच्या कोटाला. मग बाकीच्या प्लेटांवर कितीही सुंदर भोकं असोत, अख्खा आठवडा डिस्कार्डच्या पिशवीत. ब्लीचने बाकं पुसा, नवं कल्चर काढा, पुन्हा सुरुवात. आणि त्या पिशव्या ऑटोक्लेव्हला लावल्या की तो वास! १२१ अंश, १५ पौंड दाब, आणि मजल्यावर कोणी डबा उघडत नाही.

या कंट्रोलनेच माझं डोकं फिरवलंय. आता घरी कोणी काही म्हणालं की मी आधी ती दुसरी प्लेट शोधतो. आत्या म्हणाली, 'लहानपणापासून गंगेचं तीर्थ घेतेय, मला कधी काही झालं नाही.' मी म्हटलं, 'आत्या, यासाठी तुझ्यासारखीच, तीर्थ न घेणारी दुसरी आत्या लागेल.' त्या दिवशी मला पुरणपोळीवर तूप मिळालं नाही. पण तिला मी शेवटी हात जोडून सांगितलं, गडू देव्हाऱ्यात असू दे, पिऊ नको. तिने ऐकलं का माहीत नाही.

दिंडोरीचे मामा मात्र सोपे नाहीत. त्यांची द्राक्षं युरोपला जातात, काढणी जवळ आली की औषधांच्या अवशेषांची भीती, म्हणून भुरी या बुरशीच्या रोगावर त्यांनी यंदा बॅसिलस जिवाणूंचं द्रव फवारलं. भुरी आली नाही. 'तुझे जिवाणू कामाला आले!' म्हणून त्यांनी फोनवर माझं कौतुक केलं. मी विचारलं, 'मामा, न फवारलेली ओळ कोणती?' पलीकडे शांतता. मग म्हणाले, 'ओळ सोडायची म्हणजे? तिच्यावर भुरी आली तर ती शेजारच्या ओळीवर जाणार नाही का? कर्ज तुझं विद्यापीठ फेडणार?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी प्लेट वाया गेली तर एक आठवडा जातो, त्यांची ओळ गेली तर वर्ष. यंदा हवाच भुरीला मानवली नसेल, असंही असू शकतं, पण ते त्यांना पटवायला मी बागेचा जुगार लावा म्हणणार कुठल्या तोंडाने? आठवडाभराने त्यांचाच फोन. म्हणे, पुढच्या सालाला रस्त्याकडची ओळ घे, तशीही येणारे-जाणारे घड तोडूनच खातात. आता कडेची ओळ कंट्रोल म्हणून चालत नाही, तिला वारा वेगळा, ऊन वेगळं, रस्त्याची धूळ वेगळी. पण मी 'नको' म्हणालो नाही. दोन्ही कडांना थोडे-थोडे वेल मिळतात का, त्यावर सध्या वाटाघाटी चालू आहेत. मामांनी मोबदल्यात शेडची पाण्याची टाकी धुऊन मागितलीय.

तर क्यूसीचं असं आहे की तिथेही कंट्रोल असतोच, मला माहीत आहे, आणि तू तो मन लावून बघतोस. पण तिथे उत्तर आधी ठरलेलं असतं, प्लेट त्याला जुळली की पास. मला सध्या उत्तर न ठरलेलं काम हवंय. सिंहस्थाआधीचे, मधले आणि नंतरचे नमुने हातात आल्याशिवाय मी हलत नाही. नंतर तुझ्या साहेबांना माझं नाव सांगितलंस तरी चालेल, आत्ता सांगू नको.

आणि हो, तुमच्याकडे ०.२२ चे सिरिंज फिल्टर कोणाकडून घेता आणि काय दराने, ते विचारून कळव. आमच्या पुरवठादाराचा भाव बघून मॅडमनी फाइलच मिटली. येताना वहिनींना घेऊन ये, मिसळ खाऊ, आणि जमलं तर सोमवारी ये, म्हणजे रविवारच्या प्लेटा दाखवता येतील.

तुझा,
लॅबवाला