बाबांच्या अहवालातील ‘पीटेन’विषयी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या बायोप्सीच्या अहवालात ग्लीसन ३ + ३ (कर्करोगाची तीव्रता सांगणारे गुण) या आकड्यांखाली ‘पीटेन आढळले नाही’ असे जे वाक्य आहे, त्याचा अर्थ तुम्ही विचारला होता. पीटेन हे दहाव्या गुणसूत्रावरील, १९९७ साली ओळखले गेलेले जनुक आहे. पेशीला वाढीचा संदेश मिळाला, की तिच्या आवरणात पीआयपी-३ हा स्निग्ध रेणू तयार होतो आणि त्याच्यामुळे जागे झालेले एकेटी नावाचे प्रथिन पेशीला जगायला व विभागायला लावते. पीटेनपासून बनणारे प्रथिन त्या रेणूवरचा एक फॉस्फेट काढून घेते. दूध वर येताच आई गॅस बारीक करते, तसेच हे काम. जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या, तर बारीक करणारे कोणी उरत नाही.

लॉस एंजेलिसमधील संशोधक हाँग वू यांच्या गटाने २००३ साली उंदरांच्या केवळ प्रोस्टेटमधून हे जनुक काढले, तेव्हा काही आठवड्यांतच आधी कर्करोगपूर्व बदल आणि मग खरा कर्करोग दिसला. मात्र २००५ साली संशोधक पिअर पाओलो पँडोल्फी यांच्या गटाला असे आढळले, की पीटेन गेल्यावर पी-५३ हे दुसरे रक्षक जनुक पुष्कळ पेशींची वाढ गोठवून टाकते; तेही गेले, की रोग फार आक्रमक होतो. माणसात तर आठव्या गुणसूत्रावरील एनकेएक्स-३.१ हे जनुक बहुधा आधी हरवते आणि पीटेन त्यानंतर जाते. म्हणून उंदराचा वेग माणसाला लावून घाबरू नये, असे मला वाटते.

आई, हे तुझ्या स्वयंपाकाने झालेले नाही, तेव्हा बाबांची संध्याकाळची भजी त्यासाठी बंद करू नकोस. पीटेनची ही हानी बहुतेक वेळा प्रोस्टेटच्याच एखाद्या पेशीत, उतारवयात होते. ती आम्हा मुलांकडे वारशाने येत नाही. तरीही वडिलांना हा रोग असला, की मुलांचा धोका काहीसा वाढतो, त्यामुळे दादा आणि मी पीएसए या प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीविषयी डॉक्टरांशी बोलणार आहोत.

३ + ३ हा सौम्य गट असला, तरी पीटेन नसेल तर सुईने न टिपलेल्या भागात अधिक तीव्र रोग असण्याची शक्यता वाढते. म्हणूनच डॉक्टर नुसते लक्ष ठेवण्याआधी एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी करू म्हणतात, आणि मला ते पटते. एमआरआयची तारीख कळवा. मी रजा काढून येतो.

आपला,
धाकटा