फिशटँकची गळती आणि ‘कोकणातली दमट हवा’

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतला गळका फिशटँक बदलून मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी तीन फुटी फिशटँक, त्याचा स्टँड, फिल्टर आणि हीटर असा पूर्ण संच घेतला. बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत सोबत आहे. गळतीची वॉरंटी एक वर्षाची असून ती अजून संपलेली नाही. ऐन जुलैत टाकीचा मागचा डावा कोपरा तळाशी पाझरू लागला. फोटो आणि व्हिडिओ पाठवून मी तक्रार नोंदवली. त्यावर तुमच्याकडून लेखी उत्तर आले की कोकणातली हवा दमट असते, त्यामुळे काचेला पाणी सुटते आणि काचा जोडणारे सिलिकॉनही सैल पडू शकते, म्हणून हा प्रकार वॉरंटीत बसत नाही. पाठोपाठ कुरिअरने सिलिकॉनची एक ट्यूब आली. ‘बाहेरून लावा’ एवढीच सूचना तिच्यासोबत होती.

तुमच्या या उत्तरातले एकही वाक्य मला मान्य नाही. का नाही, ते सविस्तर लिहिते, कारण हेच उत्तर तुम्ही वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत कोणालाही द्याल आणि ऐकणारा बिचारा आपल्याच हवेला दोष देत बसेल.

आधी काचेला सुटणाऱ्या पाण्याचे बघू. हवेतले बाष्प काचेवर जमायचे तर काच दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा, थंड असावी लागते. पावसाळ्यात रत्नागिरीत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली, तरी दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. माझ्या टाकीतले पाणी तुमच्याच हीटरने २७ अंशांवर राखलेले होते. अशा काचेला घाम फुटत नाही. आणि फुटलाच असता, तर सगळ्या काचेला फुटला असता, नेमका एका कोपऱ्याला तळाशी नाही. शिवाय दव बाहेरच्या हवेतून येते, त्याने टाकीतली पातळी उतरत नाही. इथे झाकण बंद असताना रात्रभरात पाणी बोटभर खाली गेले. या मापाच्या टाकीत बोटभर पाणी म्हणजे जवळपास पाच लिटर.

दुसऱ्या शक्यताही मी तपासल्या. आमच्याकडे पावसात वीज सारखी जाते आणि एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे बाहेर येऊ शकते, हे मला ठाऊक आहे. म्हणून पंप, नळी, फिल्टर सगळे काढून ठेवले. मासे हलवल्यावर टाकी पुन्हा भरली, पाण्यात जिलबीत घालतात तो केशरी रंग मिसळला आणि खाली वर्तमानपत्र अंथरले. सकाळी मागच्या डाव्या कोपऱ्याखालचा कागद केशरी झाला होता, बाकीचा कोरडा. कोकणच्या हवेत केशरी रंग नसतो. कागदाचा फोटो जोडला आहे आणि मूळ कागदही मी जपून ठेवला आहे.

आता सिलिकॉन सैल पडण्याविषयी. फिशटँक जोडायला जे सिलिकॉन वापरतात, ज्याला ओले असताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते वाळते म्हणजे हवेतले बाष्प घेऊनच घट्ट होते. दमट हवा त्याची शत्रू नव्हे, ते घट्ट व्हायलाच ती लागते. आणि एकदा घट्ट झाल्यावर त्याने आयुष्यभर पाण्यात राहायचे असते, त्यासाठीच ते असते. ज्याच्या एका अंगाला दिवसरात्र दीडशे लिटर पाणी आहे, ते दुसऱ्या अंगाच्या दमट हवेने सैल पडते, असे तुमची कंपनी लेखी कशी देऊ शकते? तसे असेल तर तुमचा एकही फिशटँक पाणी भरायच्या लायकीचा नाही. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या समोर सुरू झाले आणि दशकानुदशके तिथे काचेआड मासे राहिले. आमच्या रत्नागिरीत झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मुले पिढ्यान्‌पिढ्या मासे बघायला जात आली आहेत, तेही खाऱ्या वाऱ्यात, खाऱ्या पाण्यात. हवा त्यांचीही तीच आहे.

दोष कुठे आहे तो डोळ्यांनी दिसतो. रिकाम्या टाकीच्या त्या कोपऱ्यात मागून टॉर्च धरला की तळाची काच आणि मागची काच यांच्या सांध्यात हवेचे बुडबुडे दिसतात, आणि एके ठिकाणी सिलिकॉन काचेपासून सुटून पांढुरकी रेघ उमटलेली दिसते. आमच्या इथल्या अनुभवी काचवाल्यालाही मी ती दाखवली. सांधताना काच स्पिरिटने नीट पुसलेली नसावी किंवा सिलिकॉनवर साय धरल्यावर काच दाबली असावी, असे त्यांचे मत पडले. यातले नेमके काय झाले ते तुमच्या कारखान्यात शोधा. उभ्या टाकीत पाण्याचा दाब तळाशी सर्वांत जास्त असतो. या टाकीत ४२ सेंटिमीटर पाणी भरले की एकट्या समोरच्या काचेवर साधारण ८० किलोचा रेटा येतो, मागच्या काचेवरही तेवढाच. तळाचा सांधा कच्चा राहिला तर तो आज ना उद्या सुटणारच.

जमीन समतल नसेल, असेही फोनवर सुचवले गेले. गवंड्याला बोलावून पाण्याच्या नळीने पातळी काढून घेतली. कोबा समतल आहे. समतल राहिला नाही तो तुमचा स्टँड, कारण ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेली त्याची खालची फळी भुसा दाबून केलेली निघाली आणि भिजल्यावर फुगून वर आली. पाण्याची टाकी ज्यावर ठेवायची, त्या स्टँडला चार थेंब सोसू नयेत?

तुमच्या जोडणीच्या पुस्तिकेतल्या चित्रात विजेचे एक्स्टेंशन बोर्ड स्टँडच्या कपाटात, टाकीच्या बरोबर खाली दाखवले आहे. गळती तिथेच झाली. घरात ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवलेला आहे आणि पाणी दिसताच मी मेन स्विच बंद केला, म्हणून अनर्थ टळला. बोर्ड टाकीच्या बाजूला, उंचावर असावे आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ सोडावा, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोळातून खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही. ते चित्र ताबडतोब बदला. माझ्या टाकीचे जे व्हायचे ते होईल, पण या चित्रापायी कोणाचा तरी जीव जाऊ शकतो.

आणि ती ट्यूब. ती मी उघडलेलीसुद्धा नाही. तिच्यावर ‘बाथरूम व किचनसाठी, बुरशीरोधक’ असे छापले आहे. बुरशी मारण्यासाठी त्यात जे औषध घालतात ते पाण्यात उतरते आणि माशांना घातक ठरते. माशांच्या टाकीला असे काही न मिसळलेले शुद्ध सिलिकॉनच लागते, हे साधा ॲक्वेरियमवाला दुकानदारही सांगतो. तुम्ही तर टाक्या बनवता! शिवाय बाहेरून लावण्यात अर्थच नाही. आतले पाणी तो थर बाहेर ढकलत राहणार. गळक्या कौलाला घरातून कागद चिकटवण्यासारखे आहे ते. नवे सिलिकॉन जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनला नीट धरतही नाही. दुरुस्ती करायचीच तर टाकी रिकामी करून आतली सगळी जुनी पट्टी ब्लेडने खरवडायची, काच स्पिरिटने पुसून कोरडी करायची, चारी बाजूंनी एका दमात नवी पट्टी ओढायची आणि निदान दोन दिवस पाणी घालायचे नाही. आणि इथे तर दोन काचांमधला सांधाच सुटला आहे, तेव्हा काचा वेगळ्या करून पुन्हा जोडाव्या लागतील. वॉरंटी चालू असताना हे काम ग्राहकाने का करायचे?

त्या रात्री घरात काय झाले, तेही तुम्हाला कळायला हवे. माझ्या एंजल माशांची जोडी फिल्टरच्या पाइपवर अंडी घालून बसली होती. दोघे आळीपाळीने परांनी त्यांना वारा घालत होते. गळती लक्षात आल्यावर मी आधी पाणी निम्म्यावर आणले, कारण पातळी निम्मी झाली की काचेवरचा रेटा चौथ्या हिश्शावर येतो. तरी पाझर थांबला नाही. मग टाकीतलेच पाणी पिंपात भरून मासे हलवले, फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात ठेवला, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात असतात आणि तो सुकला की ते मरतात. जे करायला हवे ते सगळे केले. अंडी मात्र पांढरी पडली आणि पुढे जोडीतला नर पिंपात तग धरू शकला नाही. माझ्या हातावर वाढलेला मासा होता तो. बाटलीच्या झाकणाएवढा असताना आणला होता.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते. टाकी आणि स्टँड दोन्ही बदलून द्या. नवी टाकी पाठवण्यापूर्वी किमान २४ तास काठोकाठ भरून तपासा आणि तसे लेखी द्या. सदोष टाकी तुमच्या खर्चाने घेऊन जा, सांध्याची तपासणी करा आणि कारण मला लेखी कळवा. पिंप, बॅटरीवरचा एअर पंप आणि गवंडी यांचा खर्च बिलांप्रमाणे द्या. माशाचे मोल मी पैशात मागत नाही, पण ‘दमट हवा’ हे उत्तर चुकीचे होते, असे तुमच्या सहीचे पत्र मला हवे आहे. आणि ही बुरशीरोधक ट्यूब आणखी ज्यांना ज्यांना पाठवली असेल त्या सर्वांना ती वापरू नका म्हणून आजच कळवा. ही शेवटची मागणी माझ्यासाठी सर्वांत तातडीची आहे. कोणीतरी ती ट्यूब विश्वासाने टाकीच्या आतून लावेल आणि मासे का मेले ते त्याला कधी कळणारही नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे तुमच्यावर बंधनकारक आहे. ते झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, तुमच्या मुख्य कार्यालयाच्या शहरात यावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही.

टाकी रिकामी करून पडवीत कोरड्या जागी ठेवली आहे, सांध्याला कोणी हात लावलेला नाही. तपासणीला माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा आणि त्याच्याकडे चांगला टॉर्च द्या.

आपली ग्राहक,
(सही)
ता. जि. रत्नागिरी

सोबत : बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, तुमच्या लेखी उत्तराची प्रत, सांध्याचे, केशरी डागाच्या कागदाचे आणि फुगलेल्या फळीचे फोटो, न उघडलेल्या ट्यूबच्या वेष्टनाचा फोटो, खर्चाची बिले.