ओठांवरची तीट

डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

लेक दोन वर्षांची असताना तिच्या खालच्या ओठावर काळपट ठिपके उमटले. सासूबाई म्हणाल्या, "देवानंच तीट लावलीय, हिला कुणाची दृष्ट लागायची नाही." आम्हीही तसंच धरून चाललो. पुढं शाळेत मुली "शाई प्यायलीस का?" म्हणून चिडवायला लागल्या, तेव्हा नऊ वर्षांच्या तिला घेऊन आम्ही तुमच्याकडं आलो. मागणं एवढंच होतं, की लेसरनं हे डाग काढून द्या.

बाहेर बाकावर पेशंट दाटीनं बसले होते. तरी तुम्ही बॅटरी घेऊन तिला 'आ' करायला लावलंत, गालांच्या आतून पाहिलंत, बोटांची पेरं उलटीपालटी करून पाहिलीत. मग विचारलंत, "हिचं पोट दुखतं का?"

दुखायचं. वर्षभर. मध्येच कळ यायची, पोर घामाघूम व्हायची आणि अर्ध्या तासानं पुन्हा खेळायला पळायची. तीनदा जंताचं औषध झालं होतं. शाळा बुडवायचं ढोंग आहे, असं एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते खरं मानून मी तिला एकदा मारलंही होतं. ते अजून सलतं.

मग तुम्ही ह्यांना म्हणालात, "आता तुम्ही तोंड उघडा." ह्यांचे ओठ तर स्वच्छ. पण गालांच्या आत तेच ठिपके! ओठांवरचे वयात आल्यावर बरेचदा फिके होतात, आतले राहतात, हे तुम्ही नंतर समजावलंत. पोटावर ऑपरेशनचा व्रण आहे का? होता. बाविसाव्या वर्षी आतड्यात आतडं शिरलं होतं. घरात कुणाला कर्करोग? थोरल्या वन्सं अडतिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगानं गेल्या. आमच्या घरात या गोष्टी कुणी कधी एका दमात बोललंच नव्हतं.

पॉइट्झ-जेगर्स सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. १९२१ साली पॉइट्झ नावाच्या डच डॉक्टरांनी एकाच कुटुंबातल्या ठिपक्यांची आणि आतड्यातल्या पॉलिपांची, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या गाठींची, सांगड घातली होती, १९४९ मध्ये अमेरिकेत जेगर्स यांनी आणखी रुग्ण नोंदवले, १९९८ मध्ये ज्यातल्या दोषानं हा आजार होतो ते जनुक सापडलं, एसटीके११. केसपेपरच्या पाठीवर तुम्ही चित्र काढलंत: पॉलिप अन्नाबरोबर पुढं ढकलला जातो आणि आतड्याला मागून ओढत नेतो, म्हणून ती कळ. तो कागद मी जपून ठेवलाय. ठिपक्यांचा कर्करोग होत नाही, ते फक्त खूण आहेत. धोका आतडी, जठर, स्वादुपिंड, स्तन, अंडाशय यांना, हे सांगताना तुम्ही काही लपवलं नाहीत. मी रडले, तेव्हा तुम्ही घाई केली नाहीत.

तुमच्या चिठ्ठीवर पुण्यात तपासणी झाली. हिमोग्लोबिन आठ, पॉलिपांतून थोडं थोडं रक्त जात होतं. लहान आतड्यातला सर्वांत मोठा पॉलिप तीन सेंटिमीटरचा निघाला. पोट न फाडता, दुर्बिणीतून काढला. ह्यांचेही काढले. त्यानंतर पोटाची ती कळ आलेली नाही.

पण मॅडम, मला खरे आभार मानायचेत ते दिरांच्या बाबतीत. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, हे ऐकून त्यांनी आमच्याशी बोलणंच टाकलं होतं. मुलींची लग्नं व्हायचीत, घराण्याला बट्टा लागेल, असं म्हणत होते. तुम्ही एका रविवारी त्यांना बोलावून दोन तास बसलात. रक्ततपासणीत ते सुटले, म्हणजे मुलीही सुटल्या. वन्संच्या मुलीत मात्र तो दोष निघाला. ती चोवीस वर्षांची आहे. तिच्या आईला जी संधी मिळाली नाही ती तिला मिळाली. आता तिच्या स्तनांची एमआरआय वेळेवर होईल, आतडी तपासली जातील.

लेकीची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. त्याआधी सासूबाईंना तुम्हाला भेटायला घेऊन येते. ट्रंकेतून वन्संचा लहानपणीचा फोटो त्यांनी शोधून काढलाय, तुम्हाला दाखवायचाय म्हणतात. त्यात वन्संच्या ओठांवरचे ठिपके स्पष्ट दिसतात.

आपली ऋणी,
एका मुलीची आई
तासगाव