पिशवी काढायच्या आधी तिच्या तोंडाची साधी तपासणी का करत नाहीत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी नणंद ऊसतोडीला जाते. वय चौतीस, दोन लेकरं. मागच्या वर्षी अंगावरून पांढरं जातंय आणि कंबर धरलीय म्हणून ती एका खाजगी दवाखान्यात गेली, तिथं सोनोग्राफी केली आणि सांगितलं की पिशवीला (गर्भाशयाला) सूज आहे, काढून टाका नाहीतर पुढं कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटल्यावर माणूस पुढं काही विचारतच नाही. मुकादमाकडून उचल घेतली, ऑपरेशन झालं, आणि आता वर्षभरात अंगातून वाफा निघतात, रात्र रात्र झोप नाही, मोळी डोक्यावर घेववत नाही. तिची फाईल मी नंतर पान न पान चाळली. रक्त, लघवी, ईसीजी, सगळं आहे, पण पिशवीच्या तोंडाची, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाची, तपासणी केल्याचा एक कागद नाही. ज्या कॅन्सरची भीती घातली तो आहे का नाही हे बघितलंच नाही.

आणि ही काय एकटीची गोष्ट नाही. 2019 मध्ये सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या इन्फेक्शनमुळं असतं, गोळ्यांनी बरं होतं. उलट कॅन्सर खरंच असेल आणि न तपासताच साधं पिशवीचं ऑपरेशन केलं तर पुढची ट्रीटमेंट अजून अवघड होऊन बसते, हे तरी डॉक्टर लोकांना माहीतच असणार ना.

नणंदेचं बघून मी स्वतः सरकारी शिबिरात जाऊन तपासून घेतलं. खरं सांगते, टेबलावर चढताना पाय थरथरत होते. सिस्टरनं पडदा ओढला, आत एक उपकरण घातलं, टॉर्च धरला आणि व्हिनेगरसारखं पातळ औषध कापसानं लावलं, थोडं चुरचुरलं, मग एक मिनिट थांबायचं. पांढरा डाग उमटला तर पुढं तपासायचं, नाही उमटला तर उठून घरी. सगळं मिळून पाच-सात मिनिटं, साधी पापडखाराची पुडी आणायला लागतो त्याहून कमी वेळ. डाग निघाला तरी घाबरायचं कारण नाही, कॅन्सरच्या आधीच्या स्टेजला तेवढा भाग गोठवून किंवा गरम प्रोबनं जाळून टाकतात, पिशवी जागेवर राहते. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्याच्यामुळं होतो तो एचपीव्ही व्हायरस शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षं जातात, एवढा वेळ आपल्या हातात असतो आणि आपण तो घालवतो. माझ्या मावशीची पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर परत लाल जायला लागलं, लाजेपोटी तिनं आठ महिने कुणाला सांगितलं नाही. मग रेडिएशन, दर आठवड्याला केमो, आणि दीड वर्षात गेली.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो याच्यासाठी की हे सगळं जगाला शिकवलं आपल्याच भागानं. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गावोगाव फिरून 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास केला. एकदाच एचपीव्हीची टेस्ट केलेल्या 34 हजार बायकांत आठ वर्षांत या कॅन्सरनं 34 जणी गेल्या, आणि टेस्ट न केलेल्या 31 हजारांत 64. 2009 मध्ये हे जगभर छापून आलं. मुंबईत टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी वस्तीतल्या दहावी शिकलेल्या मुलींना ट्रेनिंग देऊन दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली तर या कॅन्सरचे मृत्यू जवळपास एक तृतीयांश कमी झाले. म्हणजे मोठं मशीनच पाहिजे असंही नाही. तरी 2019-21 च्या सरकारी सर्व्हेत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत ही तपासणी कधी तरी झालेल्या दोनसुद्धा नाहीत, अख्ख्या देशात! कागदावर मात्र 2016 पासून 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी तपासणी करायची असं ठरलंय.

या कॅन्सरवर मुलींसाठी लस आहे, पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हावॅक 2023 पासून मिळते, 9 ते 14 वयात द्यावी आणि माझ्या पोरीला मी देणारच. पण लसीच्या बातमीत आज पस्तीस-चाळीशीत असलेल्या आम्हाला विसरू नका, आमच्यासाठी तपासणीच आहे.

माझं मागणं दोनच आहे. पिशवी काढायच्या प्रत्येक फाईलमध्ये आधी तोंडाच्या तपासणीचा रिपोर्ट असलाच पाहिजे, नसेल तर सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशनचे पैसे देऊ नका. आणि तोडीला जायच्या आधी, दसऱ्याच्या आत, गावात शिबिर लावा, नंतर लावून उपयोग नाही, घरं कुलूपबंद असतात. शिबिराला बाई डॉक्टर किंवा सिस्टरच पाठवा. आमच्या उपकेंद्रात टेबल आहे, टॉर्च आहे, पण खोलीच्या दाराला आतून कडी नाही, म्हणून मागच्या वेळी अर्ध्या बायका दारातूनच माघारी गेल्या. ती कडी आधी बसवा.

– एक वाचक, बार्शी