‘एसओएस’ म्हणजे नेमकं केव्हा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अर्धशिशीवर पानभर मजकूर आला होता. सुंठीचा लेप, अंधारी खोली, वेळेवर झोप, सूर्योदयाआधी दूध-जिलेबी, सगळं त्यात होतं. आणि अगदी शेवटी एक ओळ : ‘तरीही आराम न पडल्यास गोळी घ्यावी.’ माझं पत्र त्या ओळीबद्दल आहे. पंचवीस वर्षं ही अर्धशिशी माझ्याबरोबर नांदते आहे. लेप लावून झाले, जिलेबीही खाऊन झाली (वजन तेवढं वाढलं). त्यांनी माझं फार काही बिघडवलं नाही. बिघडवलं ते गोळीनं. कोणती गोळी, कधी, किती वेळा आणि कोणी मुळीच घेऊ नये, हे मला वीस वर्षं कुणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

सुरुवातीला आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे ‘एसओएस’ लिहून दिलं. कंपाउंडरनं त्याचा अर्थ सांगितला, ‘अगदीच राहवेना तेव्हा घ्या.’ आता बाईमाणसाला ‘अगदीच राहवेना तेव्हा’ असं सांगितलं, की तिचं ते ‘अगदीच’ कुठवर ताणलं जाईल याचा नेम नसतो. मी हायस्कूलमध्ये शिक्षिका आहे. सकाळी डाव्या भुवईच्या वर बारीक ठणका सुरू व्हायचा. मी म्हणायची, बघू. प्रार्थना, पहिला तास, दुसरा तास. मधल्या सुट्टीपर्यंत उजेड टोचायला लागायचा, फळ्यावरच्या खडूचा आवाजसुद्धा डोक्यात जायचा. घरी येऊन दोनदा ओकून झालं, की मग गोळी. ती कधी उलटीतून बाहेर पडायची, कधी नुसतीच पोटात बसून राहायची. ‘मला गोळी लागूच पडत नाही,’ असं मी सगळ्यांना सांगत असे.

लागू पडत नव्हती, कारण उशिरा जात होती. अर्धशिशीच्या झटक्यात जठराचं काम मंदावतं. गोळी पुढे आतड्यात सरकतच नाही, मग ती रक्तात उतरणार कुठून? म्हणून दुखणं हलकं असतानाच गोळी घ्यायची असते. हे मला कळलं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, न्यूरोच्या डॉक्टरीणबाईंकडून. उलटीचा त्रास असेल तर सोबत डॉम्पेरिडोनसारखं औषध देतात, त्यानं मळमळ थांबते आणि पोटही हलतं. ज्यांना उलट्या फारच होतात त्यांच्यासाठी सुमाट्रिप्टानचा नाकात मारायचा फवारा असतो. जिभेवर विरघळणारी गोळी मात्र पाण्याशिवाय घेता येते इतकंच, तीही शेवटी पोटातूनच जाते. आणि काही जणांना दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमचमत्या रेषा दिसतात, त्यांनी ट्रिप्टान गटातली (सुमाट्रिप्टानसारखी, खास अर्धशिशीसाठीची) गोळी रेषा दिसताना न घेता दुखायला लागताक्षणी घ्यावी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

जाता जाता एक घरगुती गोष्ट. माझे कितीतरी झटके संकष्टीला यायचे. चंद्रोदय रात्री, दिवसभर पोट रिकामं, आणि त्या रिकाम्या पोटी मी आयबुप्रोफेन घ्यायची. उपवासानं डोकं उठायचं आणि गोळीनं पोट जळायचं. सासूबाईंच्या मते गोळीनं उपवास मोडत नाही. डॉक्टरीणबाईंच्या मते मी उपवासच करू नये. मी डॉक्टरीणबाईंचं ऐकलं, सासूबाई अजून फुरंगटून आहेत.

आता दुसरी चूक, जी पहिलीच्या बरोबर उलट आहे आणि जास्त महागात पडली. मधल्या काही वर्षांत कुणीतरी सांगितलं म्हणून मी मेडिकलमधून ‘अर्धशिशीची गोळी’ आणायला लागले. चिठ्ठी कुणी मागितली नाही. या गोळीनं सुरुवातीला खरोखर आराम पडायचा. मग महिन्याला चार लागायच्या त्या आठ झाल्या, मग पर्समध्ये कायमच एक पट्टी. डोकंही आता झटक्यानं दुखत नव्हतं, रोजच सकाळी जड असायचं. पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘महिन्यातून किती दिवस गोळी घेता?’ मला उत्तर देता येईना. दुधाचा हिशोब मी वीस वर्षं कालनिर्णयवर चुकवलेला नाही. गोळीचा कधी ठेवला नव्हता. त्यांनी महिनाभर त्याच चौकोनांत फुली मारायला सांगितली. सतरा फुल्या निघाल्या.

डोकेदुखीच्या गोळीनंच डोकं दुखतं, हे ऐकून मला हसू आलं होतं. पण हा मान्यताप्राप्त आजार आहे, आणि त्याची मापंही ठरलेली आहेत. ज्याला मुळात डोकेदुखीचा आजार आहे, त्यानं ट्रिप्टान, अर्गोटामाइन, ट्रामाडोलसारखी अफूच्या जातीची औषधं किंवा अनेक औषधं एकत्र केलेली गोळी तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातून १० किंवा जास्त दिवस घेतली, किंवा साधं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन वगैरे १५ किंवा जास्त दिवस घेतलं, तर डोकं महिन्यातले पंधरा दिवस आणि त्याहून जास्त दुखायला लागू शकतं. इथे दिवस मोजायचे असतात. एका दिवशी दोन गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस, आणि दहा दिवस अर्धी अर्धी घेतली तरी ते दहा दिवस. अर्धी गोळी घेऊन आपण काटकसर करतो असं मला वाटायचं! आता मला आठवड्याला दोन दिवसांची मुभा आहे.

ती गोळी सोडताना पहिले आठ दिवस फार वाईट गेले. दिवाळीची सुट्टी होती म्हणून निभावलं. फराळ जावेनं केला. कुणी हे वाचून आपल्या मनानं गोळ्या बंद करू नयेत. काही औषधं एकदम सोडणं धोक्याचं असतं आणि मधल्या दिवसांसाठी दुसरं काही द्यावं लागतं.

त्या गोळीत काय होतं, तेही मला तेव्हाच कळलं. अर्गोटामाइन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीवरचं प्रोक्लोरपेराझिन, अशी चार औषधं एका गोळीत. म्हणजे सर्दी-तापात मी वरून पॅरासिटामॉल घ्यायची तेव्हा ते दुप्पट होत होतं. कॅफिनची सवय लागते ती वेगळीच. प्रोक्लोरपेराझिननं कधीकधी, विशेषतः तरुण मुलामुलींत, मान एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जबडा आखडतो. घरचे घाबरून काय काय करत बसतात. इंजेक्शननं ते उतरतं, पण आधी गोळीचं नाव सांगता आलं पाहिजे. आणि अर्गोटामाइन तर राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या बुरशीतलं. मध्ययुगात युरोपात त्या बुरशीच्या पिठाचा पाव खाऊन माणसांची बोटं, पाय काळे पडून झडायचे. १९१८ मध्ये बासेलला आर्थर स्टोल यांनी त्यातून अर्गोटामाइन वेगळं काढलं आणि पुढे ते अर्धशिशीवर आलं. ते रक्तवाहिन्या आवळतं. घशासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनबरोबर ते घेतलं तर शरीरातलं त्याचं प्रमाण भलतंच वाढतं आणि आजही हातापायांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. गरोदरपणात ते चालतच नाही. दर हिवाळ्यात बसणाऱ्या माझ्या घशासाठी मी कुठली कुठली अँटिबायोटिकं घेतली असतील, याचा विचार मी आता करत नाही.

आता मी रिझाट्रिप्टान घेते. ते लिहून देण्याआधी डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ चौकशी केली : छातीत दुखतं का, बीपी, साखर, वडिलांना हृदयविकार होता का, कधी अर्धांगाचा झटका, एखादा हात लुळा पडणं, बोबडी वळणं. ईसीजीही काढला. कारण ट्रिप्टानही रक्तवाहिन्या आवळतं. हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेला असेल, बीपी आटोक्यात नसेल, तर ते द्यायचं नसतं. झटके कमी यावेत म्हणून मला प्रोप्रॅनोलॉल रोज चालू आहे. त्याच्यामुळे रक्तातलं रिझाट्रिप्टान वाढतं, म्हणून माझी गोळी १० ऐवजी ५ मिलिग्रॅमची. माझ्याच शाळेतल्या एक बाई दमेकरी, त्यांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. एकीची चिठ्ठी दुसरीला का चालत नाही, ते यावरून कळावं.

पहिल्यांदा ती गोळी घेतली तेव्हा अर्ध्या तासात मान आणि जबडा आवळल्यासारखा झाला. रात्रीचे अकरा, मी घाबरून यजमानांना उठवलं. असं होऊ शकतं आणि बहुतेकदा आपोआप ओसरतं, हे आधी सांगितलेलं असतं तर तेवढी रात्र सुखाची गेली असती. (छातीत दाब आला आणि टिकला, तर मात्र वाट बघत बसू नये.) झोपही येते, म्हणून गोळी घेतल्यावर मी स्कूटीला हात लावत नाही. एका गोळीनं आराम पडून दुखणं परत आलं तरच दोन तासांनी दुसरी. पहिलीनं काहीच फरक पडला नसेल तर तीच पुन्हा गिळण्यात अर्थ नाही. आणि ट्रिप्टान घेतल्यावर चोवीस तासांत अर्गोटामाइनची गोळी घ्यायची नाही, उलटही नाही. ड्रॉवरमध्ये जुनी पट्टी पडून होती, ती त्याच दिवशी टाकून दिली.

मागच्या गणपतीत धाकटे दीर आले होते. दुपारी कपाळ धरून बसले, म्हणाले, ‘वहिनी, तुमची ती गोळी द्या की.’ मी उठून पर्स उघडलीही होती. मग ते ईसीजी वगैरे प्रश्न आठवले. भाऊजींची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं तर बीपी १७०/१००, आणि रोजच्या गोळ्या पुण्यालाच विसरलेल्या. सांगायचं म्हणजे, मी देणारच होते. आपल्याकडे दुखणं सांगितलं की आपल्या पर्समधली गोळी पुढे करणं हा आपलेपणा असतो.

याच्या उलट गोंधळ माझ्या एका मैत्रिणीचा. तिला फ्लुनारिझिन लिहून दिलंय, रोज रात्री घ्यायला. ते झटके टाळण्यासाठीचं औषध, काही आठवडे नेमानं घेतल्यावर गुण येतो. ती मात्र डोकं दुखेल तेव्हाच घेते आणि म्हणते, भिकार गोळी आहे.

आणि प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते. एकाएकी, क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, तापाबरोबर आखडलेली मान, बोलताना अडखळणं, हातपायातली शक्ती जाणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, यातलं काही असेल तर पर्समधली गोळी बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

आपल्या पुरवणीकडे माझी एवढीच मागणी आहे, की घरगुती उपायांना पान देता तसं त्या शेवटच्या ओळीलाही एकदा पान द्यावं, एखाद्या न्यूरोच्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन. आणि औषधविक्रेत्यांना एक विनंती. पट्टीवर आरएक्सचं चिन्ह असतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नये अशी सूचना असते, ती ते माझ्याहून जास्त ओळखतात. त्याबद्दल मी नव्यानं काय सांगणार. पण चार गोळ्या मागितल्या की पट्टी कात्रीनं कापून देतात, आणि नाव, मुदत दुसऱ्याच तुकड्यावर राहते. कितीतरी वर्षं मी अशी निनावी गोळी गिळत होते. आमच्या दुकानातल्या पोराला मी म्हटलं, नावाचा तुकडा मला दे. तो म्हणाला, ‘मावशी, तुम्हाला दिला तर पुढच्या गिऱ्हाइकाला बिननावाचा जाईल त्याचं काय?’ त्याचं खरं होतं. मग मी त्याच्याकडून कागदी पाकिटावर बॉलपेननं औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि मुदत लिहून घेतली. त्याला अर्धा मिनिट लागला, मागच्या रांगेतले दोघे कुरकुरले. तेवढं प्रत्येक दुकानात होईल का, असं माझं विचारणं आहे.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, कराड